‘इम्पेअर्ड’ म्हणजे किती?

तो कागद आठ महिने लोखंडी कपाटात, निकाहाच्या जोड्यांच्या घडीखाली पडून होता. आमच्या शाळेतल्या सहावीच्या एका मुलीचा तपासणी अहवाल. शाळेत आलेल्या आरोग्य पथकाने तिला जळगावच्या सरकारी रुग्णालयात पाठवलं, तिथे कानाची तपासणी झाली, आणि कागदावर इंग्रजीत चार शब्द आले : ‘बायलॅटरल मॉडरेट हिअरिंग इम्पेअरमेंट’. घरात इंग्रजी वाचणारं कोणी नव्हतं. वडील तो कागद घेऊन नाक्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. तिथल्या मुलाने शेवटचे दोन शब्द मोबाइलमध्ये टाकून पाहिले आणि सांगितलं, “चाचा, बहिरी लिखा है.”

कागद घरी आला तो थेट कपाटात गेला. दादीने ताकीद दिली, “ये बात घर के बाहर नहीं निकलनी चाहिए. लड़की की जात है.” कोणी डॉक्टरांकडे परत गेलं नाही. आम्हाला शाळेतही कोणी कळवलं नाही.

आता आमची बाजू सांगायला हवी, कारण चूक त्या घराची एकट्याची नव्हती. या मुलीला आम्ही दीड वर्ष ‘बेध्यान’ समजत होतो. उर्दूचा इमला असो की मराठीचं श्रुतलेखन, तिच्या चुका ठरावीक असत. ‘शाल’ सांगितलं की ‘साल’ लिहायची, ‘फळ’ सांगितलं की ‘पळ’, ‘खत’ सांगितलं की ‘कत’. वही तपासताना आम्ही लाल पेनाने गोल करत गेलो आणि खाली ‘लक्ष दे’ असं लिहीत गेलो. ती उंच असल्यामुळे शेवटच्या बाकावर बसायची, तीही आमचीच व्यवस्था. बीएडला असताना श्रवणदोषावरचा धडा आम्ही परीक्षेपुरता पाठ केला होता. वर्गात तोच धडा समोर बसलेला असताना ओळखता आला नाही.

कागदाची गोष्ट कळली ती योगायोगाने. दुसऱ्या वर्षी पथक पुन्हा आलं. त्यातल्या डॉक्टरांनी विचारलं, “या मुलीला गेल्या वर्षी पाठवलं होतं, पुढे काय झालं?” आम्ही त्याच संध्याकाळी तिच्या घरी गेलो. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, मग वडिलांनी कपाट उघडलं आणि कागद आमच्या हातात देत विचारलं, “मॅडम, इसमें बहिरी लिखा है ना?”

नव्हतं लिहिलेलं. पण ‘इम्पेअर्ड’ म्हणजे नेमकं काय, हे एका वाक्यात सांगायला गेलो तेव्हा आमचीही जीभ अडखळली.

हा शब्द फसवा आहे. दहावीच्या वर्गात एकदा विचारलं तर एका हुशार मुलाने लगेच फोड करून दाखवली : ‘पेअर’ म्हणजे जोडी, आणि ‘इम्पॉसिबल’मध्ये असतो तसा ‘इम’ म्हणजे नाही, म्हणून ज्याची कानांची जोडी पुरी नाही, एकच कान चालतो, तो इम्पेअर्ड. तर्क बिनचूक, उत्तर चूक. जोडीच्या ‘पेअर’शी या शब्दाचं काही नातं नाही. त्याचं मूळ लॅटिनमध्ये आहे. तिथे ‘पेजोर’ म्हणजे ‘अधिक वाईट’. त्यावरून फ्रेंच वाटेने इंग्रजीत क्रियापद आलं, ‘आधीपेक्षा बिघडवणं, कमी करणं’. म्हणजे शब्दातच तुलना आहे. जेवढं असायला हवं तेवढं नाही. संपलेलं नाही, घटलेलं आहे.

इंग्रजी हा शब्द कुठे कुठे वापरते ते पाहिलं की हे चटकन उमगतं. कॅनडात नशेत गाडी चालवणाऱ्याच्या गुन्ह्याला ‘इम्पेअर्ड ड्रायव्हिंग’ म्हणतात. ड्रायव्हर बेशुद्ध नसतो, त्याचं भान कमी झालेलं असतं. हिशेबनीस एखाद्या मालमत्तेला ‘इम्पेअर्ड’ म्हणतात तेव्हा ती मालमत्ता जळून गेलेली नसते, वहीत लिहिलेल्या किमतीइतकी ती आता मोलाची राहिलेली नसते. या शब्दामागे नेहमी एक प्रश्न उभा असतो : किती? म्हणून त्याच्या आधी बहुतेक वेळा एक विशेषण येतं. माइल्ड, मॉडरेट, सिव्हिअर. सौम्य, मध्यम, तीव्र. त्या दुकानातल्या मुलाने शेवटचे दोन शब्द वाचले, पण ‘मॉडरेट’ सोडून दिला. सगळा अर्थ त्या सोडलेल्या शब्दात होता.

कागदावर आकडाही होता : दोन्ही कानांत ४८ डेसिबल. हा आकडा आम्ही वडिलांना असा समजावला. प्रौढ माणसाला साधारण २५ डेसिबलपर्यंतचा हलका आवाज ऐकू आला तर कान ठीक समजतात, आणि मुलांच्या बाबतीत त्याहून थोडं कडक मोजतात. एक मीटरवरून माणूस सहज बोलतो तो आवाज ६० डेसिबलच्या आसपास असतो. तुमच्या मुलीचे कान ४८ला उघडतात. म्हणजे तिच्याजवळ बसून बोललात तर ऐकू येतं, म्हणूनच घरात कधी कोणाला शंका आली नाही. पण मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. एक मीटरवर ६०, दोनवर ५४, चारवर ४८, आठवर ४२. वर्गाच्या भिंती आवाज थोडा सांभाळून घेतात हे खरं, पण वर पंखा गरगरत असतो आणि बाहेर रिक्षांचे भोंगे चालू असतात. शेवटच्या बाकापर्यंत आमचा आवाज तिच्या कानाच्या उंबऱ्याच्या आतबाहेरच होत होता. त्यातही स, श, फ, ख ही अक्षरं बारीक, वरच्या पट्टीची. ती आधी गळतात. उरलेलं ती आमच्या ओठांवरून वाचायची. आणि आम्ही फळ्याकडे तोंड करून बोलायचो.

हे ऐकून वडील काही वेळ गप्प राहिले. दादी मात्र पटकन म्हणाली, “तो फिर ऐसा बोलो ना, लड़की ऊँचा सुनती है!”

आम्ही तिच्याकडे पाहतच राहिलो. झेरॉक्सवाल्याला आणि आम्हाला जे जमलं नाही ते दादीच्या तोंडून सहज निघालं होतं. ‘ऊँचा सुनना’ हा आपल्या घरातला रोजचा वाक्प्रचार. दादा ऊँचा सुनते हैं, त्यांच्याशी जरा जोरात बोल. त्यात माणसावर शिक्का नाही, कमीपणा नाही. किती कमी ऐकू येतं याचा अंदाज आणि समोरच्याने काय करायचं याची सूचना, दोन्ही त्यात आहेत. आमच्या खान्देशात अहिराणी बोलणारा शेजारीही ‘त्याले कमी ऐकू येस’ असंच म्हणतो. तिथेही शब्द ‘कमी’. युनानी हकीमांकडे यासाठी ‘ज़ोफ़’ हा जुना शब्द आहे. ज़ोफ़-ए-मेदा म्हणजे मंदावलेलं पचन, ज़ोफ़-ए-बसारत म्हणजे अधू नजर, ज़ोफ़-ए-समाअत म्हणजे कमी ऐकू येणं. इंग्रजी ‘इम्पेअरमेंट’ला याहून नेमका प्रतिशब्द आम्हाला तरी सापडलेला नाही.

मग आपण घसरतो कुठे? बोलताना आपल्याकडे ‘कमी’ आहे, पण कागद पुढे आला की एकदम ‘नाही’ येतं. बहिरा, आंधळा, फेल. मधली पायरीच गायब होते.

धुळ्यातल्या एका नातेवाइकांचं असंच झालं. रक्ताच्या तपासणीच्या कागदावर ‘इम्पेअर्ड रीनल फंक्शन’ असं आलं आणि रात्रीपर्यंत सगळ्या खानदानात फोन फिरले की चाचाची किडनी फेल झाली. कोणी डायलिसिसचा खर्च विचारायला लागलं, कोणी दुआ सांगितली, चाचांनी जेवण सोडलं. डॉक्टरांना विचारल्यावर कळलं की मूत्रपिंडाचं काम पूर्वीपेक्षा कमी झालंय, चालू आहे. रक्तदाब आटोक्यात ठेवायचा, दर काही महिन्यांनी तपासायचं, आणि गुडघ्यासाठी दुकानातून परस्पर आणल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्या बंद करायच्या, कारण त्या मूत्रपिंडाला आणखी दुखावतात. ‘फेल’ या शब्दाने माणूस हात टेकतो. ‘कमी झालंय’ म्हटलं की उरलेलं सांभाळायला लागतो. उपाशीपोटी साखर १०० ते १२५च्या दरम्यान आली की अनेक प्रयोगशाळा ‘इम्पेअर्ड फास्टिंग ग्लुकोज’ असं छापतात, त्याचीही गत हीच, फक्त उलट्या दिशेने. ते वाचून लोक म्हणतात, “शुगर नाही ना? मग झालं,” आणि मिठाईचा डबा उघडतात. तो मधुमेह नसतो हे बरोबर, पण तिकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा फलक असतो.

त्या चाचांचे कानही तसेच. आमचं माहेर धुळ्याचं, ऐंशी फुटी रस्त्याच्या अलीकडचं, आणि लहानपणचा आमचा सगळ्यात जुना आवाज म्हणजे यंत्रमागांची खटखट. फजरच्या अजानपासून रात्री उशिरापर्यंत. चाचांनी तीसेक वर्षं माग चालवले. शेडमध्ये माणसं बोलायची नाहीत, ओठ आणि हात हलवायची. धागा तुटला, बॉबिन संपली, चहा आला, सगळं इशाऱ्याने. घरी आल्यावर चाचा मोठ्याने बोलायचे आणि आम्ही मुलं समजायचो की ते रागावलेत. कारखान्यात आठ तासांसाठी आवाजाची मर्यादा ९० डेसिबल धरली जाते, आणि बंद शेडमध्ये ओळीने चाललेले माग ती सहज ओलांडतात. गोंगाटाने येणारं कमी ऐकू येणं हा कायद्यात नोंदवलेला व्यवसायजन्य आजार आहे. पण चार-सहा मागांची शेड मुळात कारखान्याच्या व्याख्येतच येत नाही, मग नोंद करणार कोण? असं नुकसान हळूहळू होतं. आधी ४००० हर्ट्झच्या आसपासचे बारीक आवाज जातात, मग हळूहळू बोलण्याचे. आवाज येतो, शब्द कळत नाही, ही चाचांची नेहमीची तक्रार. आम्ही सगळे ती वयावर ढकलत होतो.

गेल्या सुट्टीत धुळ्याला गेलो तेव्हा त्यांना तपासायला घेऊन गेलो. चांगल्या कानाचा आकडा ५८ आला.

आता शब्दाचा एक कायदेशीर धागा. घरातल्या कर्त्या माणसांनी तो समजून घ्यावा, कारण दाखला, सवलत, राखीव जागा सगळं त्यावर टांगलेलं असतं. १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने तीन शब्द वेगळे करून मांडले. शरीराच्या एखाद्या भागाचं किंवा कामाचं घटणं म्हणजे इम्पेअरमेंट. त्यामुळे एखादी गोष्ट करता न येणं म्हणजे डिसॅबिलिटी. आणि त्यापायी समाजात वाट्याला येणारं मागे पडणं म्हणजे हँडिकॅप. तिसरा शब्द पुढे लोकांना अपमानकारक वाटू लागला आणि २००१च्या नव्या मांडणीत तो गेला. आपला २०१६चा दिव्यांग हक्क कायदा याच विचारावर उभा आहे. कायद्याच्या दृष्टीने शरीरातली दीर्घकाळची घट आणि बाहेरचे अडथळे यांची गाठ पडते आणि माणूस इतरांच्या बरोबरीने वावरू शकत नाही, तेव्हा अपंगत्व तयार होतं. म्हणजे आमच्या विद्यार्थिनीच्या कानात ४८ डेसिबल होते, पण तिची अडचण शेवटच्या बाकामुळे आणि आमच्या पाठीमुळे तयार झाली होती. कायद्याचं ते कलम वाचताना आम्हाला आमचाच वर्ग दिसला.

तरी आकड्याच्या बाबतीत हाच कायदा कडक आहे. १९९५च्या जुन्या कायद्यात चांगल्या कानात ६० डेसिबल किंवा अधिक घट असेल तर ‘हिअरिंग इम्पेअरमेंट’ मानलं जाई. २०१६च्या कायद्यात दोन गट आले : दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल घट असलेले ‘कमी ऐकू येणारे’ आणि ७०च्या पुढचे कर्णबधिर. बहुतेक सवलतींना आणि सरकारी योजनेतून मिळणाऱ्या श्रवणयंत्राला किमान ४० टक्क्यांचा दाखला लागतो. म्हणजे डॉक्टरांच्या कागदावरचं इम्पेअरमेंट आणि कायद्यातलं इम्पेअरमेंट हे एकाच नावाचे दोन वेगळे शब्द आहेत. ४८वाली मुलगी डॉक्टरांच्या लेखी आहे, कायद्याच्या लेखी नाही. चाचा दोन डेसिबलने हुकले. एकीकडे घर घाबरतं की मुलीवर ‘अपंग’ असा शिक्का बसेल, आणि दुसरीकडे खिडकीवर सांगतात की ती तेवढी अपंग नाही! दाखला मिळणार नाही म्हणून तपासणीच करायची नाही असं मात्र करू नका. उपचार आणि यंत्र दाखल्यावर चालत नाहीत, कानावर चालतात.

शब्द गोड केल्याने काम होत नाही हेही इथेच सांगून टाकतो. २०१५च्या डिसेंबरपासून ‘दिव्यांग’ रूढ झाला आणि आपल्या राज्यात त्या नावाचा स्वतंत्र विभागही आहे. विभाग हवाच होता. पण ‘दिव्यांग’ हा शब्दही ‘किती?’ सांगत नाही. दुसऱ्या बाजूने, ‘इम्पेअर्ड’वरही सगळे खूश नाहीत. १९९१ साली कर्णबधिरांच्या आणि कमी ऐकू येणाऱ्यांच्या जागतिक संघटनांनी ‘हिअरिंग इम्पेअर्ड’ सोडून ‘डेफ’ आणि ‘हार्ड ऑफ हिअरिंग’ हे शब्द वापरायचं ठरवलं. खाणाखुणांच्या भाषेत जन्मापासून जगणारा माणूस म्हणतो, आमच्यात काही बिघडलेलं नाही, आमची भाषा वेगळी आहे. त्याचं म्हणणं मानायला हवं. म्हणून आमचा स्वतःचा नियम असा : अवयवासाठी ‘इम्पेअर्ड’, माणसासाठी नाही. कान अधू आहे, मुलगी अधू नाही. आणि दुसऱ्या शब्दाचं, ‘हार्ड ऑफ हिअरिंग’चं भाषांतर दादीने करून ठेवलेलंच आहे.

आपल्या घरांत आणखी एक शब्द चालतो, ‘माज़ूर’. उर्दूत तो आता सरसकट अपंगासाठी वापरतात, पण मूळ अरबीत त्याच्यात ‘उज़्र’ आहे, म्हणजे सबब, रास्त कारण. माज़ूर म्हणजे ज्याचं कारण मान्य आहे तो. आणि ते कारण मापून मान्य होतं. उभं राहता येत नसेल तर बसून नमाज, बसता येत नसेल तर पडून. जेवढं जमत नाही तेवढी सूट, जेवढं जमतं तेवढी जबाबदारी. हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मकतूम (रजि.) डोळ्यांनी पाहू शकत नव्हते आणि मदिन्यात अजान देत होते. ‘माज़ूर आहे, त्याला घरात बसू द्या’ असं आपण ज्या अर्थाने म्हणतो, तो अर्थ शब्दात मुळीच नाही.

त्या संध्याकाळनंतर काय झालं ते सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी मुलगी पहिल्या बाकावर आली, खिडकीच्या उलट्या बाजूला, म्हणजे उजेड आमच्या चेहऱ्यावर पडेल. आम्ही फळ्यावर लिहिताना गप्प राहायला शिकलो. वीस वर्षांची सवय मोडायला वीस दिवस तरी लागले. श्रुतलेखनाच्या वहीत लाल गोल कमी झाले, सगळे गेले नाहीत. एका कानाचं यंत्र वडिलांनी हप्त्यांवर घेतलं. दुसऱ्याचे पैसे कुठून आले हे मोहल्ल्यात दोन-तीन माणसांनाच ठाऊक आहे. पहिले काही दिवस ती ते ओढणीखाली लपवायची आणि डब्याच्या सुट्टीत काढून कंपासपेटीत ठेवायची, कारण भांड्यांचा आणि पोरींचा कालवा तिला सोसत नव्हता. एकदा तिने येऊन विचारलं, “मॅडम, चपला घासत चालल्यावर आवाज होतो का?” होतो म्हटलं. तिला ते माहीत नव्हतं.

धुळ्याच्या चाचांनी यंत्र दोन दिवस लावलं आणि काढून ठेवलं. पंख्याचा आवाज फार येतो म्हणे. सवय व्हायला आठवडे लागतात असं सांगून पाहिलंय. रमजानच्या सुट्टीत पुन्हा मागे लागणार आहोत.

मुलीची वर्षाची फेरतपासणी गेल्या महिन्यात झाली. रुग्णालयातून वडील परस्पर शाळेत आले, कागद हातात उघडाच होता. या वेळी कोणाकडून वाचून घेतला नव्हता. बोट आकड्यावर ठेवून म्हणाले, “अठ्ठेचाळीसच आहे मॅडम. वाढलं नाही.”